लग्नघरचा फोटोवाला : काचेच्या प्लेटपासून मोबाइलपर्यंत

लग्नपत्रिकेवर त्याचे नाव नसते. आहेराच्या वहीत नसते, मानपानाच्या यादीत तर मुळीच नसते. तो बहुधा शेवटच्या पंगतीला जेवतो आणि त्याने काढलेल्या एकाही फोटोत तो स्वतः दिसत नाही. तरी लग्नाला पन्नास वर्षे लोटल्यावर आजोबांच्या डोक्यावर पगडी होती की काळी टोपी, आजीने नऊवारी नेसली होती की सहावारी, नाशिकची आत्या आली होती की रुसून बसली होती, याची साक्ष काढायची तर त्याच्याच कामाकडे जावे लागते. आचाऱ्याच्या जिलबीची आणि सनईवाल्याच्या सुरांची आठवण राहते. फोटोवाल्याचे काम हाती धरता येईल अशी वस्तू होऊन कपाटात राहते.

बडोद्यात चार-चार, पाच-पाच पिढ्या काढलेल्या आपल्या घराण्यांना ही वस्तू अधिक मोलाची आहे. मूळ गावी राहिलेल्या भाऊबंदांकडे वाडा असतो, कुलदैवताचे देऊळ जवळ असते, शेताचा उतारा असतो. आपल्यापैकी पुष्कळांकडे 'आपण कोण' हे सांगणारा कागद म्हणजे एक कुळाचार-वही आणि दोन-चार लग्नांचे आल्बम. म्हणून ज्या धंद्याने हे आल्बम घडवले त्याचा इतिहास थोडा जाणून घेणे आपल्या घरचा इतिहास जाणण्यासारखेच आहे. तो पाहताना एक गोष्ट सतत जाणवते. लग्नातले काय जपले जावे हे घरच्या वडीलधाऱ्यांनी जितके ठरवले, तितकेच ते एक फोटो काढायला काय खर्च येतो यावरून ठरत गेले.

काचेची प्लेट आणि ताठ बसलेले जोडपे

फोटोग्राफीची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती मुंबईत रुळली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नावाजलेल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी होते. पण तेव्हाचे तंत्र लग्नमंडपात नेण्याजोगे नव्हते. १८५१ मध्ये निघालेल्या 'ओल्या प्लेट'च्या रीतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी तो धुऊनही काढायचा. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर अंधारी खोली किंवा तंबू हवाच. पुढे १८७० नंतर कोरड्या प्लेटा आल्या, त्या आधी तयार करून ठेवता येत आणि सवडीने धुता येत. फोटोग्राफर तेव्हा कुठे मोकळेपणाने हिंडू लागला.

तरीही मंडपातला उजेड अपुरा. म्हणून लग्नाचा फोटो म्हणजे लग्नानंतरचा फोटो, असा प्रघात पडला. वरात घरी आली, सत्यनारायण झाला, की दुसऱ्या-चौथ्या दिवशी जोडपे स्टुडिओत जाई किंवा फोटोवाला घरच्या अंगणात उजेड पाहून स्टँड-कॅमेरा उभा करी. मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिवईवर फुलदाणी, एक जण खुर्चीवर आणि दुसरे शेजारी उभे. काही सेकंद हलायचे नाही. कित्येक स्टुडिओंत मान स्थिर राहावी म्हणून मागे लोखंडी टेकूही लावत. जुन्या फोटोंतले आपले पणजोबा-पणजी रागावल्यासारखे का दिसतात याचे अर्धे उत्तर इथे आहे. हसू तेवढा वेळ धरून ठेवणे कठीण, गंभीर चेहरा सोपा.

अशा फोटोची किंमत सामान्य कारकुनाला किंवा शाळामास्तराला जाणवणारी होती. म्हणून पहिली गिऱ्हाइके संस्थानिक, सरदार, वकील आणि व्यापारी. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्याच शहरांचा यात मोठा वाटा आहे. लाला दीनदयाळ हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, रुडकीला शिकून इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागलेले. १८७४ च्या सुमारास त्यांनी तिथे कॅमेरा हाती घेतला, होळकर दरबारचे उत्तेजन मिळवले आणि पुढे निजामाच्या पदरी जाऊन हिंदुस्थानातले सर्वांत नावाजलेले छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादला खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तो एका बाईच्या हाती सोपवला, कारण पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषासमोर कॅमेऱ्यापुढे बसत नसत. गिऱ्हाइकाची अडचण ओळखून सोय करणे हे या धंद्याचे मर्म. ते त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

बडोद्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन निघाले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे पुढचे दादासाहेब फाळके, इथेच फोटोग्राफी व छपाईची अंगे शिकले. त्यांनी आधी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पत्नी व मूल हिरावले. पुढे बडोद्यास येऊन त्यांनी पुन्हा हाच व्यवसाय केला, पण फोटो काढल्याने माणसाची शक्ती ओढली जाते, आयुष्य घटते असा समज लोकांत होता आणि धंदा चालला नाही, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या या माणसाला आपल्या गावात फोटोच्या धंद्यावर पोट भरता आले नाही. ज्या घरांनी तेव्हा भीतीपोटी फोटो काढू दिला नाही, त्यांच्या आजच्या पिढ्यांजवळ त्या पूर्वजांचा चेहरा नाही.

जे फोटो निघाले ते मात्र इतिहासाचे साधन झाले आहेत. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाह रोखण्याचा कायदा करून मुलीचे वय किमान १२ आणि मुलाचे १६ ठरवले. ब्रिटिश मुलखात शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, त्यात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ही मर्यादा आली. कायद्याची कलमे पुस्तकात सापडतात. खुर्चीवर बसून पाय जमिनीला न टेकणारी नवरी फक्त फोटोत सापडते.

बारा फोटोंत बसवलेले लग्न

मंडपातला खरा फोटोग्राफर आला तो रोल आणि फ्लॅश हाती आल्यावर. आधी उजेडासाठी पूड पेटवत. भपका, धूर आणि मंडपाला आग लागण्याची धास्ती. १९३० च्या आसपास काचेचे फ्लॅश-बल्ब निघाले, तेही एकदा पेटले की फेकून द्यायचे. स्वातंत्र्यानंतर खांद्याला बॅटरी लटकवलेल्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशगनने ती कटकट संपवली. कॅमेरा बहुधा वरून डोकावून बघायचा दोन भिंगांचा, रोलीफ्लेक्स किंवा याशिका. त्यात १२० नंबरचा रोल, चौकोनी बारा फोटो. घरगुती हौसेसाठी याच रोलवर चालणारा आग्फा क्लिक-३ लोकप्रिय होता, आणि तो परवान्याखाली आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होई.

रोल महाग, आयातीवर निर्बंध. उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला आणि त्याची 'इंदू' फिल्म पुढे बाजारात आली, तरी रोल जपून वापरायची सवय मोडली नाही. मध्यमवर्गीय लग्नात दोन रोल, फार तर तीन. म्हणजे सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत चोवीस किंवा छत्तीस फोटो. एवढ्यात लग्न बसवायचे म्हणजे काय घ्यायचे आणि काय सोडायचे याची यादी डोक्यात पक्की हवी : अंतरपाट, माळा, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, मुलीकडचा ग्रुप, मुलाकडचा ग्रुप. रुखवताला एक, विहिणींच्या पंगतीला एक.

यातला सर्वांत अवघड फोटो अंतरपाटाचा. शेवटचे मंगलाष्टक, 'सावधान', अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, पाट खाली येतो आणि माळा पडतात. सारे काही क्षणांत. त्या वेळी रोलमधला बारावा फोटो आधीच संपला असेल तर सारे गेले. म्हणून मुरलेला फोटोवाला शेवटच्या अष्टकाआधीच रोल बदलून घेई, मग त्यात दोन फोटो वाया गेले तरी चालतील. गुरुजींची गती, मामा मुलीला केव्हा आणतात, अंतरपाट कोणी धरला आहे, कुणाची उंची आड येणार, हे तो आधी टिपून ठेवी. बडोद्यातल्या गुजराती फोटोग्राफरांनीही हे आपल्याकडून शिकून घेतले. त्यांच्या लग्नात हस्तमेळाप आणि चोरीतले मंगळफेरे हे महत्त्वाचे क्षण. आपल्याकडे सारा जीव 'सावधान'वर. आपल्याकडे अक्षता पडल्या की निम्मे पाहुणे पानावर बसायला निघतात, म्हणून ग्रुप-फोटो आधी उरकायचा की नंतर, हा हिशेबही वेगळा.

काही विधी कॅमेऱ्यासाठी थांबूही लागले. 'हात तसाच धरा', 'जरा इकडे बघा', असे म्हणत फोटोवाला होमाजवळ येई आणि गुरुजींच्या कपाळावर आठी उमटे. मुहूर्त कोणाचा, शास्त्राचा की फोटोचा, ही कुरकुर निदान साठ वर्षांची जुनी आहे. मोबाइलने तिला नवा आवाज दिला, एवढेच.

बारा फोटोंच्या शिस्तीचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. जे यादीत नव्हते ते फोटोत आले नाही. स्वयंपाकघरात चार दिवस राबणाऱ्या बायका नाहीत, पाणक्या नाही, मांडव घालणारे नाहीत. आणि विधवा आजी नाही. मंगलकार्यात विधवेने पुढे यायचे नाही ही रूढी होती. ज्या आजीने नातवंडांना वाढवले, त्यांच्या लग्नासाठी पै-पै साठवली, ती माजघराच्या दारामागे राहिली आणि फोटोवाल्याला तिकडे वळण्याचे कोणी सांगितले नाही. आपल्या जुन्या आल्बमांत कोण आहे हे पाहताना कोण नाही हेही पाहिले पाहिजे. त्या रिकाम्या जागांत आपल्या समाजाचा इतिहास आहे, आणि पुढे जेव्हा अशी आजी खुर्ची टाकून मधोमध बसलेली दिसू लागते, तेव्हा घर बदलल्याचा पुरावाही तोच फोटो देतो.

कार्तिक ते आषाढ

या धंद्याचे पंचांग शेतकऱ्याच्या उलटे. पाऊस लागला की याचे काम थांबते. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू, आषाढात देव झोपले की बंद. चातुर्मासाचे चार महिने कमाई नाही, पण दुकानाचे भाडे, वीज आणि घरखर्च चालूच. म्हणून लग्नाचा फोटोग्राफर केवळ लग्नाचा कधीच नव्हता. पावसाळ्यात पासपोर्टचे फोटो, शाळा-कॉलेजचे ग्रुप, मुंजी-बारशाचे राहिलेले आल्बम, जुन्या फोटोंवरून मोठी तसबीर करून देणे, आणि भाद्रपदात सार्वजनिक गणपतींचे फोटो. वर्षभराचा एक हमखास आधार म्हणजे 'दाखवायचा फोटो'. उपवर मुलीचे टिपण स्थळाकडे जाई त्यासोबत हा फोटो जाई. बडोद्याची मुलगी पुण्याला किंवा ग्वाल्हेरला द्यायची तर आधी फोटोच प्रवास करी. त्यावर पेन्सिलीने नाजूक हात फिरवून डाग काढणे, रंग उजळणे ही कारागिरी असे. तिच्यामुळे कित्येक लग्ने जमली आणि 'फोटोत गोरी दिसली होती' अशी भांडणेही झाली.

कमाई मुख्यतः प्रतींवर होती. फोटो काढण्याचे पैसे थोडे. खरा नफा मामा, मावशी, काका यांनी मागितलेल्या वाढीव प्रतींत आणि भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमेत. म्हणून निगेटिव्ह फोटोग्राफरकडे राही. 'निगेटिव्ह जपून ठेवली आहे, प्रती केव्हाही मिळतील' अशा अर्थाची ओळ जुन्या पुठ्ठ्यांवर छापलेली आढळते. याला कायद्याची बाजूही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे हक्क घराण्याचा, पण काच किंवा फिल्म मात्र दुकानातल्या खोक्यात.

आता त्या खोक्यांचे काय झाले हा खरा प्रश्न. लाला दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्ह दैवाने वाचल्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये २,८५७ प्लेटा मिळवल्या आणि त्या आज जपलेल्या आहेत. गल्लीतल्या फोटोवाल्याच्या प्लेटांना असे केंद्र भेटले नाही. अनेक ठिकाणी त्या धुऊन साधी काच म्हणून वापरल्या किंवा विकल्या गेल्या. फिल्म चांदीसाठी भंगारात गेली. दुकान मोबाइलचे किंवा झेरॉक्सचे झाले तेव्हा उरलेले रद्दीवाल्याने नेले. यात त्या माणसाला दोष देता येत नाही. वर्षानुवर्षे पेट्या सांभाळूनही प्रत मागायला कोणी आले नाही, तर त्याने जागेचे भाडे कशाच्या जोरावर भरायचे?

रंग, व्हिडिओ आणि आकडे

१९७० नंतर रंगीत फोटो मध्यमवर्गात आले आणि १९८० च्या दशकात यंत्रावर तासाभरात प्रती देणाऱ्या लॅब निघाल्या. फोटोवाल्याच्या हातातली अंधारी खोली गेली. रात्रभर लाल दिव्यात काम, बोटांना हायपोचा वास, हे सारे सुटले. त्याबरोबर प्रत नीट धुतली की नाही यावरचा त्याचा ताबाही सुटला. परिणाम आज कपाटात दिसतो. १९५५ चा चांगला धुतलेला काळा-पांढरा फोटो अजून स्वच्छ आहे, आणि १९७८ चा रंगीत फोटो तांबूस पडला आहे. रंगद्रव्ये टिकत नाहीत, चांदी टिकते.

त्याच सुमारास व्हिडिओ आला. प्रखर दिवा धरलेला पोऱ्या आणि वायरी सांभाळत मागे फिरणारा मदतनीस. व्हिडिओमुळे प्रथमच लग्नातला आवाज जपला गेला : गुरुजींचे मंत्र, आजोबांचे खोकणे, सासरी निघालेल्या मुलीचे हुंदके. पंगतीही दिसू लागल्या, घास तोंडात असताना कॅमेरा समोर आल्याचा राग यायचा तो वेगळा. पण या फिती आता सर्वांत धोक्यात आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. फीत शाबूत असली तरी ती लावायला यंत्र नाही, अशी अवस्था अनेक घरांत आहे.

२००३ नंतर डिजिटल कॅमेरे फोटोग्राफरांच्या आवाक्यात आले आणि दीडशे वर्षांचा हिशेब उलटला. एका फोटोची किंमत शून्य झाली. बारा फोटोंच्या जागी हजारो फोटो येऊ लागले. प्रतींवरची कमाई संपली, म्हणून आता दिवसाचे पैसे, माणसांचे पैसे, ड्रोनचे पैसे, लग्नाआधीच्या शूटिंगचे पैसे. बाहेरून धंदा झगमगीत दिसतो. आतून पाहिले तर कॅमेरे दर काही वर्षांनी बदलावे लागतात, कर्जाचे हप्ते असतात, आणि बयाणा घेऊन काम केल्यावर शेवटची रक्कम आल्बमवर अडकते. आल्बमसाठी फोटो निवडून द्या म्हणून तो महिनोन्‌महिने फोन करतो. हजारोंतून दोनशे निवडायला घरच्यांना सवड होत नाही. मुहूर्ताच्या दिवशी स्वतःच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाला जायचे की बयाणा घेतलेल्या लग्नाला, हा पेच या धंद्यातल्या प्रत्येकाने सोसलेला आहे. पूर्वी फोटोवाला निवडून फोटो काढी आणि आपण सारे ठेवत होतो. आता तो सारे काढतो आणि निवडण्याचे काम आपल्यावर पडले आहे. ते आपण करत नाही. हार्ड डिस्क बिघडते, फोन हरवतो, आणि २००८ च्या लग्नाचे फोटो १९०८ च्या फोटोंपेक्षा आधी नाहीसे होतात.

विश्वामित्रीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरांत बडोद्यातल्या असंख्य घरांत पाणी शिरले. तळमजल्यावर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आपण काय ठेवतो? दागिने नव्हे, कागदपत्रेही नव्हेत, जुने आल्बम.

म्हणून थोडे व्यवहाराचे. गौरी-गणपतीला घरी चार पिढ्या एकत्र असतात, तेव्हा आल्बम वरच्या मजल्यावरच्या किंवा वरच्या कप्प्यातल्या जागेतून काढून थोरल्यांसमोर उघडावेत. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, नावे, नाते, गाव आणि साल लिहावे. नावाशिवायचा चेहरा एका पिढीनंतर परका होतो. चिकट पानांच्या आल्बमातले फोटो जपून सोडवून साध्या कागदी पाकिटात ठेवावेत. निघत नसतील तर ओढू नयेत, पानासकट त्यांचा फोटो घ्यावा. स्कॅन करून दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ पाण्यात हलकेच सुटे करून चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. व्हिडिओची फीत असेल तर ती याच वर्षी डिजिटल करून घ्यावी. डिजिटल लग्नाचे निदान पन्नास फोटो निवडून कागदावर छापावेत. आणि ज्या जुन्या फोटोवाल्याचे दुकान अजून उघडे आहे, त्याच्याकडे एकदा जाऊन विचारावे, आमच्या घरच्या निगेटिव्ह आहेत का. असतील तर त्याने मागितलेले पैसे देऊन त्या घ्याव्यात.

ज्या फोटोंमागे नाव लिहिण्याइतके आठवणारे कोणी आज घरात आहे, त्यांची संख्या दर वर्षी घटते आहे. पुढच्या गणपतीला ती आणखी कमी झालेली असेल.